दगड पाण्यावर तरतो का? भ्रमाची मोजपट्टी मराठीत येते तेव्हा

१/
ऑक्टोबर १७९५. पुण्यात दसरा नुकताच पार पडला होता. २५ तारखेला शनिवारवाड्यात २१ वर्षांचे सवाई माधवराव पेशवे उंचावरून खाली पडले आणि दोन दिवसांनी, २७ ऑक्टोबरला, त्यांचे निधन झाले. त्या पडण्याचा अर्थ काय लावायचा, यावरचा मतभेद आजही पुरता मिटलेला नाही. ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिले की, नाना फडणविसांच्या धाकाखाली खिन्न झालेल्या या तरुणाने स्वतःला झोकून दिले. गो. स. सरदेसाईंसारख्या नंतरच्या इतिहासकारांनी तापाकडे आणि तापात झालेल्या भ्रमाकडे बोट दाखवले.

२/
दोन्ही मतांचा निकाल एकाच प्रश्नावर अवलंबून आहे : त्या दिवशी पेशवे भानावर होते का? आणि लगेच दुसरा प्रश्न येतो : भानावर असणे वा नसणे ओळखायचे कसे, कोणत्या मापाने? १७९५ मध्ये असे माप कोणाजवळच नव्हते. ते विसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत तयार झाले. आजचा धागा त्या मापाचा इतिहास सांगतो, आणि ते मराठी माणसाच्या खाटेपाशी आणताना काय काय घडते याचाही. त्यासाठी शेवटी आपल्याला नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला जायचे आहे. धागा लांब आहे, सावकाश वाचावा.

३/
आधी शब्द पाहू. तापात असंबद्ध बोलणाऱ्या माणसाविषयी मराठी घरात ‘वात झाला’, ‘वातात बडबडतो’, ‘बरळतो’ असे म्हणतात. या बोलण्यामागे आयुर्वेदाची त्रिदोषांची कल्पना आहे. चरकसंहितेत सन्निपातज्वराचे १३ प्रकार सांगितले असून त्यांच्या लक्षणांत प्रलाप, मोह, भ्रम आणि तंद्रा हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. पाश्चात्त्य वैद्यकातला ‘डिलिरियम’ हा शब्द लॅटिन भाषेतला. ‘लिरा’ म्हणजे नांगराचे तास. तास सोडून भलतीकडे गेलेला नांगर, तसे वाट सोडून गेलेले मन. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्सस याने हा शब्द वैद्यकाच्या ग्रंथात वापरला. शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

४/
या विकाराची दोन रूपे आहेत आणि ती प्राचीनांनाही दिसली होती. हिपोक्रेटिसच्या परंपरेत तापात खवळणाऱ्या रोग्यासाठी एक नाव होते, सुस्त पडून राहणाऱ्यासाठी दुसरे. आपल्याकडेही प्रलाप वेगळा आणि तंद्रा वेगळी. पहिला रोगी सगळ्या वॉर्डाला माहीत असतो : सलाईनची सुई उपटतो, खाटेवरून उतरतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो. दुसरा रोगी कोणालाच त्रास देत नाही. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. विचारले तर अर्ध्या शब्दात उत्तर देतो आणि पुन्हा डोळे मिटतो. नातेवाईक म्हणतात, ‘झोपू द्या, दमलेत.’ इतिहासात नोंद झाली ती बहुतेक पहिल्याची. दुसऱ्याची नोंदच राहिली नाही.

५/
एकोणिसाव्या शतकात या विकाराच्या कारणांची यादी वाढत गेली. १८१३ मध्ये इंग्लंडमधल्या टॉमस सटन या डॉक्टराने दारूशी निगडित कंपयुक्त भ्रमाचे वेगळे वर्णन केले. विषमज्वर आणि प्लेग यांत भ्रम होतो, हे तर प्रत्येक डॉक्टर जाणत होता. निर्णायक पाऊल १९५९ मध्ये पडले. जॉर्ज एंगेल आणि जॉन रोमानो या अमेरिकन डॉक्टरांनी मेंदूच्या विद्युत्‌लहरींच्या आधारे मांडले की, डिलिरियम म्हणजे मेंदूचे काम तात्पुरते अपुरे पडणे. हृदय किंवा मूत्रपिंड जसे अपुरे पडते, तसाच मेंदूही. कारण मेंदूबाहेर असू शकते : लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम उतरणे, शरीरातले पाणी कमी होणे, तुंबलेली लघवी, एखादे नवे औषध, खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया.

६/
म्हणून हा विकार वेडापासून आणि स्मृतिभ्रंशापासूनही वेगळा आहे. स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षे हळूहळू येतो. डिलिरियम काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो आणि दिवसभरात कमीजास्त होतो. सकाळी फेरीच्या वेळी नीट बोलणारा माणूस दिवेलागणीला बदललेला असतो. मूळ कारण सापडून उपचार झाले तर तो बहुधा उतरतो. न सापडल्यास रुग्णालयातला मुक्काम लांबतो आणि मृत्यूचा धोकाही वाढतो. वैद्यकीय वॉर्डात दाखल होणाऱ्या मोठ्या माणसांपैकी साधारणतः चार-पाचांत एकाला तो होतो, असे जगभरचे अभ्यास सांगतात. आपल्याकडे मात्र ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तयारच असते. ती एकदा उच्चारली की पुढची तपासणी थांबते.

७/
१९८० पर्यंत या एका अवस्थेला डझनभर नावे होती : तीव्र संभ्रमावस्था, विषजन्य मनोविकार, अतिदक्षता विभागातला मनोविकार, वगैरे. त्या वर्षी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीने डिलिरियमला ठरावीक निकष दिले. त्याच वर्षी झबिग्निएव लिपोव्स्की यांचा या विषयावरचा मोठा ग्रंथ आला. खवळलेले आणि सुस्त ही दोन रूपे आधुनिक भाषेत त्यांनीच ठळक केली. निकष मिळाले, पण ते लावायला मनोविकारतज्ज्ञ हवा. वॉर्डात रात्री दोन वाजता असते ती परिचारिका, किंवा नुकताच पदवी घेतलेला डॉक्टर. त्याच्या हाती देता येईल असे साधन हवे होते.

८/
ते १९९० मध्ये आले. येल विद्यापीठाच्या शेरॉन इनोये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार खुणांची एक पद्धत प्रसिद्ध केली. पहिली खूण, बदल अचानक झाला आणि तो कमीजास्त होतो. दुसरी, लक्ष टिकत नाही. तिसरी, विचारांची सांगड नाही. चौथी, जागेपणाची पातळी बदललेली. पहिल्या दोन्ही हव्यात आणि उरलेल्या दोहोंपैकी किमान एक. मूळ चाचणी ५६ जणांवर झाली. मनोविकारतज्ज्ञाने ज्यांना डिलिरियम ठरवला, त्यांतल्या ९४ ते १०० टक्क्यांना ही पद्धत पकडत होती. ज्यांना तो नव्हता, त्यांतल्या ९० ते ९५ टक्क्यांना ती बरोबर वगळत होती.

९/
आणखी मोजपट्ट्याही तयार झाल्या. पॉला त्झेपाझ यांनी १९८८ मध्ये १० बाबींची श्रेणी केली. तिची सुधारित आवृत्ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १६ बाबी आहेत : झोप-जागेपणाचे चक्र, भास, भाषा, स्थळकाळाचे भान, लक्ष, स्मृती इत्यादी. एकूण गुण ४६ पर्यंत जातात. २००१ मध्येच वेस्ली एली यांच्या गटाने कृत्रिम श्वासावरच्या, बोलू न शकणाऱ्या रुग्णांसाठी इनोये यांची पद्धत बदलून घेतली. २०११ मध्ये एडिंबरा येथे दोनएक मिनिटांत आटोपणारी चार भागांची चाचणी तयार झाली. या साधनांची स्पॅनिश, डच, कोरियन अशा अनेक भाषांत रूपांतरे झाली आणि प्रत्येक ठिकाणी ती पुन्हा रुग्णांवर तपासून पाहावी लागली. पुन्हा का? शब्दकोश पुरेसा का पडला नाही?

१०/
उत्तरासाठी निफाडला येऊ. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म येथे १८ जानेवारी १८४२ रोजी झाला. पावणेदोनशे वर्षांपूर्वीची ही तारीख आपल्याला पक्की ठाऊक आहे. आता याच तालुक्यातली, शाळेत कधी न गेलेली ८० वर्षांची एक आजी कल्पा. न्यूमोनियामुळे ती रुग्णालयात दाखल झाली आहे. एडिंबराच्या चाचणीतले प्रश्न तिला मराठीत विचारले जातात : वय किती, जन्मतारीख कोणती, आत्ता कुठे आहात, साल कोणते. जन्मतारीख तिला माहीत नाही. ती कधीच माहीत नव्हती. शाळेत गेलेल्या तिच्या धाकट्या भावाची तारीखसुद्धा गुरुजींनी नाव घालताना लिहून टाकलेली १ जून आहे. रानड्यांची जन्मतारीख नोंदली गेली, आजीची नाही. हा फरक दोन घरांतल्या नोंदीचा आहे. पण चाचणीच्या कागदावर तो मेंदूचा दोष म्हणून उतरतो.

११/
तीच आजी पुढे म्हणते, ‘बहात्तरच्या दुष्काळात माझी थोरली दोन वर्षांची होती.’ हे काळाचे उत्तम भान आहे. ‘कोणता महिना चालू आहे?’ या प्रश्नाला ती इंग्रजी महिना सांगणार नाही, पण घरच्या द्राक्षबागेची गोडी छाटणी उरकली की नाही, हे बिनचूक सांगेल. ‘डिसेंबरपासून महिने उलटे म्हणा’ या आज्ञेत लक्ष टिकते का हे पाहायचे असते. तिच्यापाशी चैत्र-वैशाख आहेत, ते तिला सुलटे येतात. जानेवारी-फेब्रुवारीची माळ तिच्या तोंडी कधी बसलेलीच नाही. माळच नसेल तर ती उलटी ओढता येणार नाही. तेव्हा मोजले गेले ते लक्ष, की शाळेतली वर्षे?

१२/
कृत्रिम श्वासावरच्या रुग्णांसाठीची पद्धत आणखी बोलकी आहे. तीत इंग्रजी अक्षरे एकेक करून वाचतात आणि ‘ए’ ऐकू आला की रुग्णाने हात दाबायचा असतो. मराठीत सहज सुचणारा बदल म्हणजे ‘अ’ ऐकला की हात दाबा. पण मराठी वर्णमालेत ‘क’, ‘म’, ‘स’ या प्रत्येक उच्चारात ‘अ’ मिसळलेलाच असतो. कान तीक्ष्ण असलेला, पूर्ण भानावरचा माणूस प्रत्येक अक्षराला हात दाबू शकतो. त्याचे चुकले असे म्हणता येणार नाही. म्हणून दुसरा वर्ण किंवा एखादा अंक निवडावा लागतो. आणि निवडला की चाचणीची अवघडपणाची पातळी बदलते. मूळ इंग्रजीतले गुण मग आपोआप लागू होत नाहीत.

१३/
त्याच पद्धतीत विचारांची सांगड तपासायला हो-नाही असे सोपे प्रश्न आहेत. त्यांतला एक : दगड पाण्यावर तरंगतो का? अपेक्षित उत्तर ‘नाही’. हा प्रश्न नाशिक जिल्ह्यात विचारून पाहा. पंचवटीपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर, जन्मभर रामकथा ऐकलेला म्हातारा क्षणभर थांबेल आणि म्हणेल, ‘रामाच्या नावानं तरतो की!’ सेतू बांधताना दगड तरले, ही कथा त्याच्या रोजच्या बोलण्यात आहे. हे भ्रमाचे लक्षण नाही. हे भानावर असल्याचेच लक्षण आहे, कारण प्रश्नाच्या साधेपणामागे काही गोम असेल असे त्याला वाटले. शिवाय नातवाच्या वयाच्या डॉक्टराने असा पोरकट प्रश्न विचारला, म्हणून दुसरा एखादा बाबा रागावून गप्प बसेल. ते मौनही चूक म्हणून मोजले जाईल.

१४/
ही अडचण नवी नाही, आणि मराठी तिच्या इतिहासात आरंभापासून आहे. पॅरिसमध्ये बिने आणि सिमाँ यांनी १९०५ मध्ये मुलांची बुद्धी मोजण्याची श्रेणी केली. अमेरिकेत टर्मन यांनी १९१६ मध्ये ती आपल्या मुलांसाठी बदलली. भारतात सी. हर्बर्ट राइस यांची हिंदुस्तानी आवृत्ती १९२९ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यानंतर धारवाडच्या परिसरात व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी काम केले. त्यांचा शोधनिबंध १९३४ मध्ये ब्रिटनमधल्या शिक्षण-मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला आणि पुस्तक १९४० मध्ये. बिने-कामत चाचणी या नावाने ती आजही भारतात वापरात आहे.

१५/
कामतांच्या निबंधाच्या शीर्षकातला एक शब्द महत्त्वाचा आहे. त्यांनी आपल्या कामाला भाषांतर म्हटले नाही, पुनर्रचना म्हटले. अशा श्रेणीत कोणता प्रश्न कितव्या वर्षाच्या मुलाला यावा हे ठरलेले असते. भाषा आणि परिसर बदलला की तोच प्रश्न सोपा किंवा अवघड होतो. म्हणून तो इथल्या मुलांना विचारून त्याची जागा नव्याने ठरवावी लागते. प्रश्न परका असल्यामुळे मूल अडखळले, तर उणीव प्रश्नात आहे. ती मुलात आहे असे धरले की त्या मुलावर आयुष्यभराचा शिक्का बसतो. हा धडा नव्वद वर्षांपूर्वी मराठी आणि कन्नड मुलांसोबत शिकला गेला. म्हाताऱ्यांच्या बाबतीत तो पुन्हा शिकावा लागला.

१६/
१९७५ मध्ये फोल्स्टीन पतिपत्नी आणि मॅकह्यू यांनी अमेरिकेत ३० गुणांची छोटी बोधन-चाचणी केली आणि ती जगभर पसरली. तीत एक वाक्य लिहायचे असते, कागदावरची आज्ञा वाचून डोळे मिटायचे असतात. हरियाणातल्या बल्लभगड भागातले निरक्षर वृद्ध हे कसे करणार? मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिंदी आवृत्तीत वाक्य लिहिण्याऐवजी घराविषयी काहीतरी सांगायला लावले. कागदावरच्या आज्ञेऐवजी ‘माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा’ असे ठेवले. इंग्रजीतल्या तोंडात अडखळणाऱ्या शब्दप्रयोगाच्या जागी ‘न ये, न वो’ आले. आठवड्याचे वार उलट्या क्रमाने म्हणवून घेतले. वार सर्वांना येतात, कारण बाजार वारावर भरतो.

१७/
गोव्यातला अनुभव वेगळ्या अंगाने शिकवतो. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या प्राथमिक आरोग्यसेवेत आलेल्या ५९८ लोकांवर, नैराश्य आणि चिंता ओळखणाऱ्या पाच प्रश्नावल्या शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाचही प्रश्नावल्या बऱ्यापैकी उपयोगी ठरल्या, पण सारख्या नाही. काही अधिक नेमक्या निघाल्या. आजारी कोणाला म्हणायचे ती गुणांची सीमारेषाही स्थानिक लोकांवर तपासूनच ठरवावी लागते. दुसऱ्या देशात ठरलेली रेषा इथे आणून टेकवली, तर निरोगी माणसे आजारी ठरतात किंवा आजारी माणसे निसटतात.

१८/
आता डिलिरियमच्या मोजपट्टीकडे परत येऊ. अनुवादाची रूढ रीत अशी : दोन जण स्वतंत्रपणे मराठी करतात, दोन्ही मसुदे जुळवतात, मग मूळ इंग्रजी न पाहिलेला तिसरा माणूस ते मराठी पुन्हा इंग्रजीत नेतो. ही उलट अनुवादाची पद्धत रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७० च्या लेखानंतर रूढ झाली. ती आवश्यक आहे. ‘संभ्रमित’साठी कोणी ‘गोंधळलेला’ लिहिले, तर लग्नघरात गोंधळलेला माणूसही त्यात बसतो, ही गफलत तिथे पकडली जाते. ‘लक्ष नाही’ म्हणजे मराठीत बेपर्वाईही होते, हेही कळते.

१९/
पण दगडाचा प्रश्न या चाळणीतून बिनबोभाट पार होतो. ‘दगड पाण्यावर तरंगतो का?’ हे वाक्य उलट अनुवादात तंतोतंत मूळ इंग्रजीवर परत येते. शब्दांत कुठेही फरक नाही. फरक पडला तो ऐकणाऱ्याच्या मनात. म्हणून शब्द जुळल्यावर काम संपत नाही. मसुदा घेऊन वॉर्डात जावे लागते. ज्यांना डिलिरियम नाही अशा भानावरच्या वृद्धांना तो आधी विचारावा लागतो, आणि ‘तुम्हाला यातून काय कळले?’ हेही विचारावे लागते. निरोगी माणसे ज्या प्रश्नावर चुकतात, तो प्रश्न बदलायचा. तिथे माणसाची परीक्षा थांबते आणि प्रश्नाची सुरू होते.

२०/
पुढची पायरी, दोन तपासनिसांचे एकमत. साधी टक्केवारी इथे फसवते. समजा १०० रुग्ण आहेत आणि दोन्ही डॉक्टर प्रत्येकी १० जणांना डिलिरियम आहे असे म्हणतात. दोघांनी डोळे मिटून चिठ्ठ्या काढल्या असत्या, तरी १०० पैकी ८२ जणांबाबत ते योगायोगानेच सहमत झाले असते. मग प्रत्यक्षात ९० जणांबाबत एकमत झाले, तर ते दिसते तेवढे मोठे नाही. योगायोगापलीकडच्या १८ जागांपैकी त्यांनी फक्त ८ मिळवल्या, म्हणजे ०.४४. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कॅपा हा गुणांक हेच मोजतो. ९० टक्के ऐकून समाधान होते. ०.४४ ऐकले की कळते, सूचना अजून स्पष्ट लिहायला हव्यात.

२१/
त्यानंतर खरी कसोटी. अनुभवी मनोविकारतज्ज्ञ मोजपट्टीचे गुण न पाहता, स्वतंत्रपणे रुग्ण तपासतो. दोन्ही तपासण्या जवळजवळच्या वेळी व्हाव्या लागतात. सकाळी एक आणि रात्री दुसरी झाली, तर विकारच मधल्या काळात बदललेला असतो आणि दोष मोजपट्टीवर येतो. रुग्ण निवडतानाही कसून पाहावे लागते. केवळ खवळलेले आणि पूर्ण निरोगी असे दोनच गट घेतले, तर कोणतीही पट्टी उत्तम ठरेल. तिच्यासमोर स्मृतिभ्रंशाचे, नैराश्याचे, बहिऱ्या कानांचे आणि शांतपणे पडून राहणारे रुग्ण ठेवले पाहिजेत. वॉर्डात तिला नेमके हेच ओळखायचे असतात.

२२/
एका बाबतीत आपल्या रुग्णालयांची बाजू उजवी आहे. पहिली खूण, म्हणजे बदल अचानक झाला का, ही रुग्णाला विचारून कळत नाही. ती सांगणारा माणूस लागतो. आपल्याकडे खाटेपाशी मुलगी, सून किंवा नातू बसलेला असतो. पण त्यांना ‘यांचे मानसिक संतुलन बिघडले आहे का?’ असे विचारले, तर कुटुंबाची अब्रू राखण्यासाठी उत्तर ‘नाही’ येते. ‘आजी कालच्यापेक्षा आज वेगळ्या वाटतात का? संध्याकाळी काही बदलतं का? तुम्हाला ओळखतात का?’ असे विचारले, तर सून तपशीलवार सांगते. ‘बाहेरचं काही असेल’ ही शंकाही मग ती बोलून दाखवते. तिला हसून उडवले, तर बाकीची माहितीही हातची जाते.

२३/
हे सगळे कशासाठी? कारण वाकडी मोजपट्टी दोन्ही बाजूंनी घात करते. जन्मतारीख न सांगू शकणारी, पूर्ण भानावरची आजी भ्रमिष्ट ठरते. मग तिचे बोलणे कोणी मनावर घेत नाही. छातीत दुखते म्हटले तरी ‘बरळते’ म्हणून सोडून देतात. आणि आयुष्यभर शिक्षकी केलेले, महिने उलटे पाठ असलेले शेजारच्या खाटेवरचे गुरुजी हळूहळू सुस्त होत असतात. सवयीच्या जोरावर त्यांना गुण पुरेसे मिळतात. त्यांची तुंबलेली लघवी किंवा उतरलेले सोडियम दोन दिवस उशिरा सापडते. एकीचा शब्द जातो, दुसऱ्याचा वेळ जातो. वृद्ध माणसाजवळ या दोन गोष्टी मुळात थोड्याच उरलेल्या असतात.

२४/
पुन्हा शनिवारवाड्याकडे. सवाई माधवरावांच्या अखेरच्या दिवसांत त्यांच्याभोवती माणसे कमी नव्हती. प्रत्येकाने काही ना काही पाहिले. पण एकाने जे खिन्नता म्हणून पाहिले, तेच दुसऱ्याने वात म्हणून पाहिले. दोघांच्या हाती एकच माप नव्हते, आणि पाहणाऱ्यांचे राजकारणही वेगवेगळे होते. म्हणून सव्वादोनशे वर्षांनंतरही आपण वाद घालतो. चांगली मोजपट्टी चमत्कार करत नाही. ती इतकेच करते की, रात्रीची परिचारिका आणि सकाळचा डॉक्टर यांनी एकाच गोष्टीला एकच नाव द्यावे, आणि त्या नावात पाहणाऱ्याचा स्वभाव, घाई किंवा पूर्वग्रह शक्य तितका कमी यावा.

२५/
निफाडला जन्मलेल्या रानड्यांनी लोकहितवादींसोबत १८७८ मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरवली आणि १८९८ मध्ये मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा घेतला. ज्ञान मराठीत यावे हा त्यांचा आग्रह होता. मोजपट्टीच्या बाबतीत त्या आग्रहाचा अर्थ असा : जो प्रश्न मराठी माणसाला विचारायचा, तो आधी मराठी माणसांकडून तपासून घ्यायचा. तोपर्यंत आपल्या हाती एक साधे काम आहे. घरातले वडीलधारे माणूस रुग्णालयात असेल आणि ते कालच्यापेक्षा आज वेगळे वाटत असेल, विशेषतः फार शांत झाले असेल, तर वयावर बोट ठेवून गप्प बसू नका. डॉक्टरांना तेवढे एक वाक्य सांगा : ‘काल असे नव्हते.’

धागा येथे पूर्ण.